अंधार बघायला पेंचला का जायचं?

जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला 'डार्क स्काय पार्क' हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. भारतातलं पहिलं, आशियातलं पाचवं. आपण सगळ्यांनी ती बातमी स्टेटसला ठेवली. ठेवायलाच हवी होती. पण त्या बातमीचा उलटा अर्थ आपण वाचला नाही. नागपुरातून गाडी काढून, रिसॉर्ट बुक करून, जंगलाच्या कडेला गेलं तरच आता आपल्याला आकाशगंगा दिसते, हे त्या दर्जानं अधिकृत केलं.

माझं म्हणणं सरळ आहे. आकाश ही वीकेंडला जाऊन बघायची वस्तू नाही. ते गच्चीवरून दिसलं पाहिजे, आणि ते दिसत नाही याला आपण जबाबदार आहोत.

पेंचमध्ये नेमकं काय केलं, ते आधी बघू. वाघोली तलावाजवळ निरीक्षणाची जागा तयार केली. आणि वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या चार गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलले. नवे दिवे जमिनीकडे तोंड करून लावले. गावं अंधारात बुडवली नाहीत, फक्त उजेड जिथे पडायला हवा तिथेच पाडला. यात रॉकेट सायन्स कुठलंच नाही. मग जे चार खेड्यांना जमलं ते स्मार्ट सिटी म्हणवणाऱ्या नागपूरला का जमत नाही?

आपल्याकडे उलटंच चालू आहे. फ्लायओव्हरच्या खांबांना रंगीत पट्ट्या, झाडांना गुंडाळलेल्या माळा, चौकाचौकात डोळ्यांत घुसणारे एलईडी होर्डिंग. मार्च २०२३ मध्ये सी-२० च्या बैठकीसाठी शहर सजवलं, तेव्हा सजवणं म्हणजे रोषणाई हे समीकरण आणखी पक्कं झालं. आमच्या सोसायटीनं गच्चीवरच्या टाकीला फ्लडलाइट लावला. चोर टाकीतून येणार आहे का, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "छान दिसते नं." काय छान दिसते? टाकी.

आता कोणी म्हणेल, तारे नाही दिसले तर काय बिघडलं? काय बिघडतं ते २ एप्रिल २०२२ ला दिसलं. गुढीपाडव्याची संध्याकाळ, पावणेआठचा सुमार. नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगावपासून मध्य प्रदेशपर्यंत लोकांनी आकाशात जळत जाणारे पट्टे पाहिले. काही मिनिटांत व्हिडिओ फिरले आणि प्रत्येकाचं निदान वेगळं. उल्कावर्षाव, विमान, क्षेपणास्त्र. तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची भलीमोठी रिंग येऊन पडली. आसपासच्या भागात गोळेही सापडले. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं की फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा हा तिसरा टप्पा असावा. इस्रोचं पथक येऊन तुकडे घेऊन गेलं. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब.

वर नियमित बघणाऱ्याला ती उल्का नाही हे तेव्हाच कळलं असतं. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. उल्का सेकंदभरात संपते. जेमिनिड्स उल्का सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटरनं वातावरणात शिरतात, तुम्ही "ते बघ" म्हणेपर्यंत खेळ खलास. कक्षेतून परतणारा रॉकेटचा तुकडा सेकंदाला सात-आठ किलोमीटरनं येतो. त्यामुळे तो सावकाश, आडवा, तुकडे होत, अर्धा-एक मिनिट जळत जातो. विमानाचे लाल-हिरवे दिवे लुकलुकतात. उपग्रह शांतपणे, न लुकलुकता सरकतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की मधेच विझतो, म्हणून तो बहुधा सूर्यास्तानंतर किंवा पहाटेच्या आधी दिसतो. आपल्या आज्ज्यांच्या पिढीला "तारा तुटला" एवढं तरी बघून माहीत होतं. उन्हाळ्यात गच्चीवर झोपलेल्या पोरांना मृग, कृत्तिका, सप्तर्षी शिकवावे लागत नव्हते. आपल्याला वर काय चाललंय ते खाली मोबाइलमध्ये बघून कळतं, तेही चुकीचं.

मोबाइलला मी दोष देत नाही. अंतराळ स्थानक नागपूरवरून किती वाजता, कुठल्या दिशेनं जाणार हे अॅप अचूक सांगतं. दोष आहे तो "आज रात्री ताऱ्यांचा पाऊस" छापाच्या रीलना. दर ऑगस्टमध्ये पर्सिड्सचा गाजावाजा होतो. १२-१३ ऑगस्टला विदर्भात आकाश असतं कुठे? ढग असतात. आपला खरा उल्कावर्षाव १३-१४ डिसेंबरचा जेमिनिड्स. हवा कोरडी, थंडी, आणि पुनर्वसूतल्या कॅस्टर ताऱ्याजवळून निघाल्यासारख्या वाटणाऱ्या उल्का मध्यरात्रीनंतर जवळजवळ डोक्यावर.

रीलमध्ये आकडा असतो "ताशी १२०". हा आकडा आदर्श आकाशाचा आहे, म्हणजे साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे अंधूक तारे दिसतात तिथला. शहराच्या उजेडात जेमतेम चौथ्या प्रतीपर्यंतचे तारे दिसले, तर हिशोब असा : प्रत एकानं घसरली की दिसणाऱ्या उल्का साधारण अडीच पटीनं कमी होतात. अडीच प्रती घसरल्या की दहावा हिस्सा उरतो. १२० च्या जागी १२. पोरं पाऊण तास मान वर करून बसतात, दोन-तीन उल्का बघतात, "फेक आहे" म्हणून खाली जातात. फेक उल्का नव्हत्या. आपण त्या झाकल्या.

या विषयावर बोलायला लागलं की हल्ली कोणीतरी स्टारलिंक काढतंच. मे २०१९ मध्ये पहिले साठ उपग्रह गेले, आता हजारो आहेत. नवे सोडलेले असतात तेव्हा त्यांची आगगाडी दिसते. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्याच कंपनीशी आशयपत्रावर सही केली, गडचिरोली, वाशिम, नंदुरबार, धाराशिवसारख्या भागांत इंटरनेट पोचवण्यासाठी. दुर्बिणींच्या फोटोंवर या उपग्रहांचे ओरखडे पडतात, हे खरं आहे. त्याचं नियमन व्हायलाच हवं. पण गडचिरोलीतल्या पोरीला नेटवर्क मिळू नये, कारण मला नागपुरात बसून फोटो काढायचाय, असं मी म्हणणार नाही. आणि मस्कला शिव्या घालणं फार सोयीचं आहे. ते उपग्रह बहुतेक संध्याकाळी आणि पहाटे त्रास देतात. गेटवरचा फ्लडलाइट रात्रभर देतो. पहिल्याचा निर्णय नागपुरात होत नाही. दुसऱ्याचा सोसायटीच्या मीटिंगमध्ये होतो.

सगळ्यात गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा. बायका-मुलींना रात्री रस्त्यावर उजेड हवा. शंभर टक्के हवा. म्हणूनच तो रस्त्यावर हवा, आकाशात नको. उघड्या दिव्यानं डोळे दिपतात आणि त्याच्या पलीकडच्या सावलीत कोण उभं आहे ते दिसत नाही. झाकण असलेला, खाली तोंड केलेला दिवा कमी विजेत जास्त रस्ता दाखवतो. शहराच्या कडेच्या ज्या वस्त्यांत अजून धड खांब नाहीत, तिथे आधी दिवे लावा. फ्लायओव्हरच्या रंगीत पट्ट्यांचे पैसे तिकडे वळवा. अंधाराची मागणी आणि उजेडाची मागणी यांत भांडण नाही, दोघींना उधळपट्टी नडते.

आवाजासाठी देशात २००० सालचे नियम आहेत. रात्री दहानंतर डीजे वाजला तर पोलिसांना फोन करता येतो. तुमच्या खिडकीत रात्रभर होर्डिंग चमकलं तर कोणाला फोन करणार? प्रकाशासाठी तसे नियमच नाहीत. म्हणून मागण्या करायला हव्यात, आणि त्या महापालिकेला झेपतील अशा आहेत. एक, यापुढे प्रत्येक नवा पथदिवा झाकलेला आणि पिवळसर प्रकाशाचा, कारण निळसर पांढरा उजेड हवेत जास्त पसरतो. दोन, रात्री अकरानंतर होर्डिंग आणि शोभेची रोषणाई बंद. तीन, दरवर्षी १३ डिसेंबरच्या रात्री शहरातली शोभेची रोषणाई पूर्ण बंद, रस्त्यावरचे दिवे चालू. २०२६ मध्ये ९ डिसेंबरला अमावास्या आहे, म्हणजे त्या रात्री चंद्रही लवकर मावळेल. याहून चांगली सुरुवात कोणती?

तोवर आपल्या हातातलं आपण करू. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये टाकीवरच्या दिव्याचा विषय काढा. लोक हसतील. हसू द्या. स्विच कुठे आहे ते मात्र विचारून ठेवा.