रक्त वाढवणारी डबी

गेल्या पावसाळ्यात उटनूरजवळच्या एका गुड्यातले गोंड गृहस्थ बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्या लॅबमध्ये आले. मुलीचे गुडघे ठणकत होते. वडिलांनी पिशवीतून चूर्णाची डबी काढून टेबलावर ठेवली. "ताई, यानं रक्त सातवरून आठवर गेलं. म्हणून ती कॅप्सूल बंद केली."

मुलीला सिकलसेल आहे. पहिली तपासणी मीच केली होती. नळीतल्या द्रावणात रक्त टाकलं आणि मागच्या कागदावरच्या काळ्या रेघा गढूळ पाण्याआड दिसेनाशा झाल्या. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, सिकलसेलमधली १० ते २० दिवस. रक्त लवकर फुटतं, हे तिचं दुखणं. 'रक्त वाढवा' असं छापून ते फुटायचं थांबत नाही.

मग सातचं आठ कसं झालं? आजारपणात तिचं हिमोग्लोबिन आणखी उतरतं आणि दुखणं ओसरलं की बहुधा आपोआप वर येतं. चूर्ण आणलं जातं ते नेमकं उतरलेलं असताना. वडील खोटं बोलत नव्हते, आकडा त्यांनी स्वतः पाहिला होता. म्हणूनच एका घरच्या अनुभवावर औषध ठरत नाही. काहींना औषध आणि काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी देऊन फरक मोजावा लागतो. त्या कॅप्सूलची, म्हणजे हायड्रॉक्सीयुरियाची, अशी चाचणी अमेरिका आणि कॅनडात २९९ रुग्णांवर झाली. १९९५ साली निकाल आला: दुखण्याचे झटके जवळपास निम्मे झाले.

झाडपाल्याचीही अशी परीक्षा घेता येते. नायजेरियातल्या निप्रिसान या वनस्पतिजन्य औषधाची घेतली गेली. झटके कमी झालेले दिसले, रक्तक्षय मात्र होता तिथेच राहिला. जंगलातल्या औषधांवर माझा राग नाही. न तपासता दिलेल्या वचनावर आहे.

डबीवर परवाना क्रमांक असतो आणि माणसाला वाटतं, सरकारने गुण तपासलाय. ग्रंथोक्त पाठाच्या आयुर्वेदिक औषधाला परवाना देताना रुग्णांवरची नवी चाचणी मागत नाहीत, हे डबीवर कुठेच नसतं. ते छापणं सक्तीचं करा. तेलुगूत छापा, मराठीत छापा, आणि दुकानदाराला गोंडीत सांगायला लावा.

"मग ही डबी फेकून देऊ?" वडिलांनी विचारलं. मी म्हटलं, फेकू नका. पोरीला घेऊन आत्ताच दवाखान्यात जा, डबी आणि बंद केलेली कॅप्सूल दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा. पोरीच्या पोटात काय काय गेलंय, ते त्यांना कळायला हवं.