रंगांची तेरीज

गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरी चार साड्या परत आल्या. सूनबाई घरूनच साड्यांची विक्री करते. छायाचित्रे स्वतः काढावयाची, संगणकावर ती नीट करावयाची आणि ग्राहकांच्या मोबाइलवर धाडावयाची, असा तिचा क्रम. चारही साड्यांबाबत तक्रार एकच होती, ती रंगाची. एका भगिनीने चित्रात आमसुली रंग पाहून साडी मागविली होती. हाती पडली ती चिंतामणी. मुलीच्या साखरपुड्यासाठी घेतलेली ती साडी बदलून वेळेत पोचविता आली नाही. परतीच्या खर्चाचे दुःख नव्हते. परंतु त्या भगिनीने ‘तुम्ही फसविले’ असे लिहिले, आणि तो शब्द घरातील प्रत्येकाला लागला.

‘‘बाबा, आता मॉनिटरच नवा घेते,’’ सूनबाई म्हणाली. आयुष्य बँकेत गेल्यामुळे असेल, मला हे पटेना. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी नवी खातेवही आणत नाही. फरक कोठे आहे तो आधी शोधावा लागतो. माझा पुतण्या छायाचित्रकार आहे. त्याने आपल्याकडील रंगमापक यंत्र एक दिवस आमच्याकडे ठेवले.

हे यंत्र संगणकाच्या माउसएवढे असते. ते पडद्यावर टेकवून ठेवावयाचे. सोबतचे सॉफ्टवेअर पडद्यावर एकामागून एक रंगांचे ठोकळे दाखविते, यंत्र प्रत्येक रंग प्रत्यक्षात कसा उमटला हे मोजते, आणि दाखवावयाचा रंग व दिसलेला रंग यांतील तफावतीवरून त्या मॉनिटरचे ‘प्रोफाइल’ तयार होते. पुढे संगणक त्या प्रोफाइलप्रमाणे रंग सुधारून दाखवितो. मोजणीपूर्वी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवावा, खिडकीचा उजेड त्यावर पडू देऊ नये आणि रात्री पडदा पिवळसर करणारी सोय बंद करावी.

आमच्या मॉनिटरचा पांढरा रंग 6500 केल्विनच्या आसपास अपेक्षित होता, निघाला 7400. हा आकडा वाढला की पांढऱ्यात निळी झाक येते. डोळा अशा झाकेला काही मिनिटांत सरावतो, म्हणून वर्षभर कोणाच्या लक्षात आले नाही. सूनबाईला मात्र प्रत्येक छायाचित्र प्रत्यक्ष साडीपेक्षा निळसर वाटे आणि ती त्यात ऊब वाढवी. परिणामी बाहेर जाणारे चित्र तांबूस-पिवळे होई. चिंतामणीचा आमसुली झाला तो असा. शिवाय मॉनिटरची प्रखरता पूर्ण ठेवलेली असल्यामुळे चित्र तिला फार उजळ वाटे व ती ते गडद करी. तिने केलेली प्रत्येक दुरुस्ती प्रामाणिक होती. चुकला होता तो पडदा.

यंत्र स्वतःचे घ्यावयाचे ठरल्यावर खरा अभ्यास सुरू झाला. यात दोन जाती आहेत. कलरिमीटर मानवी डोळ्याप्रमाणे रंगीत गाळण्यांतून प्रकाश मोजतो. तो तुलनेने स्वस्त, वेगवान, आणि काळपट छटांतही विश्वासू. त्याची अडचण एवढीच की मॉनिटरच्या मागील दिवा कोणत्या प्रकारचा आहे हे त्याला अचूक सांगावे लागते. साधा एलईडी, अधिक रंग दाखविणारा एलईडी आणि ओएलईडी यांना एकच हिशेब चालत नाही. दुसरी जात स्पेक्ट्रोफोटोमीटरची. तो प्रकाशाचे तरंगलांबीनुसार विभाजन करून मोजतो. या जातीची बरीच यंत्रे छापील कागदही मोजतात, म्हणून छपाईच्या व्यवसायात ती हवीच. परंतु ती महाग आणि पडद्याच्या अगदी गडद छटांत डळमळीत. ज्यांना केवळ पडदा मोजावयाचा आहे, त्यांनी हा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाजारात प्रामुख्याने डेटाकलर कंपनीचे स्पायडर आणि कॅलिब्राइटचे कलरिमीटर दिसतात. कॅलिब्राइट हे नाव 2021 मध्ये आले. त्यापूर्वी हीच यंत्रे एक्स-राइट या नावाने विकली जात. एकाच कंपनीच्या दोन-तीन किमतींतील भेद पुष्कळदा यंत्रापेक्षा सॉफ्टवेअरच्या सवलतींत असतो. स्वस्त प्रकारात पांढऱ्या रंगाचे किंवा प्रखरतेचे मूल्य मनाजोगे निवडता येते का, आणि परवाना किती संगणकांना लागू आहे, हे पैसे देण्यापूर्वी वाचावे. बँकेतील कर्जाच्या कागदांप्रमाणे येथेही महत्त्वाचे ते बारीक अक्षरांत असते!

एका दुकानदाराने आम्हाला जुने यंत्र निम्म्या किमतीत देऊ केले. सूनबाईचा मोह वाढला होता. पण जुन्या कलरिमीटरच्या गाळण्या काळानुसार फिकट होत, आणि आजच्या दिव्यांची ओळख त्या यंत्रांना नसते. चुकीचे माप आत्मविश्वासाने सांगणारे यंत्र नसलेलेच बरे. आम्ही नव्यांतील मधल्या किमतीचा कलरिमीटर घेतला. महिन्यातून एकदा, फार तर पंधरा मिनिटे, एवढेच त्याचे काम. म्हणून पुतण्याच्या एका मित्राशी खर्च वाटून घेतला.

सूनबाईने 6500 केल्विन, गॅमा 2.2 आणि प्रखरता 120 कँडेला प्रति चौरस मीटर ही मूल्ये ठेवली आहेत. तिची चित्रे मोबाइलवरच पाहिली जातात, म्हणून ती एसआरजीबी या सर्वमान्य रंगपद्धतीत जतन करते. छापील पत्रिका करणाऱ्यांची गरज निराळी. ते पुष्कळदा 5000 केल्विन पसंत करतात.

ग्राहकाचा मोबाइल मात्र आपल्याला मोजता येत नाही, आणि छायाचित्र पिवळ्या बल्बखाली काढले असेल तर कोणतेही यंत्र ते सावरू शकत नाही. आता साड्यांची छायाचित्रे सकाळी, उत्तरेकडील खिडकीपाशी, शेजारी करड्या रंगाचा पुठ्ठा ठेवून काढली जातात. त्यानंतर रंगासाठी एक साडी परत आली, तीही राणी रंगाची. रेशमातील तो भडकपणा एसआरजीबीत पुरता मावत नाही, असे पुतण्याने सांगितले. म्हणून राणी आणि चिंतामणी या दोन रंगांसाठी सूनबाई आधी त्याच रेशमाचा वीतभर धागा पाकिटात घालून टपालाने धाडते. साखरपुड्याच्या त्या भगिनीलाही तिने असा एक धागा पाठविला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.