शून्याचीही नोंद हवी

पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर थकून पडलेला एखादा समुद्रपक्षी सापडला की त्याची बातमी होते. मास्क्ड बूबी किंवा खोल समुद्रावरचे सुरय वाऱ्याच्या माऱ्याने जमिनीकडे ढकलले जातात, कुणीतरी पक्ष्याला खोक्यात घालून वनखात्याकडे पोचवतं, फोटो छापून येतो. काम चांगलंच आहे. पण त्यातून समुद्राबद्दल फारसं काही कळत नाही. समजा, यंदा चार पक्षी सापडले आणि गेल्या वर्षी एकच. समुद्रात काही बिघडलं असेल, किंवा यंदा किनाऱ्यावर मोबाइल घेऊन फिरणारे वाढले असतील. या दोन शक्यता वेगळ्या करायच्या तर तोच किनारा ठरलेल्या वेळी, तितकाच चालावा लागतो, आणि काहीच सापडलं नाही तो दिवसही वहीत लिहावा लागतो. स्वयंसेवकांच्या हातून होण्याजोगं सर्वांत मोलाचं काम हेच, आणि त्याचा फोटो कुणी छापत नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वॉशिंग्टन विद्यापीठाचा ‘कोस्ट’ नावाचा उपक्रम नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हे करतो आहे. गावोगावचे लोक आपापली ठरलेली पट्टी दर महिन्याला चालतात, मेलेले पक्षी मोजतात, चोच, पाय आणि पंख यांची मापं घेतात. एकही पक्षी सापडला नाही तर ‘शून्य’ लिहितात. वर्षानुवर्षांच्या या शून्यांची किंमत २०१५-१६मध्ये कळली. प्रशांत महासागराच्या ईशान्य भागात उष्णतेची मोठी लाट आली होती आणि गिलेमॉट हे पक्षी उपाशी मरून किनाऱ्याला लागत होते. या पक्ष्याला रोज आपल्या वजनाच्या निम्म्याहून अधिक मासे लागतात, म्हणजे थोड्या दिवसांची उपासमारही त्याला मारायला पुरते. अशा उपक्रमांच्या नोंदी आणि संशोधकांच्या पाहण्या एकत्र केल्या तेव्हा कॅलिफोर्निया ते अलास्का मिळून सुमारे ६२ हजार मेलेले वा मरणपंथाला लागलेले पक्षी निघाले, आणि एकूण मृत्यू पाच ते बारा लाखांच्या घरात असावेत असा अंदाज बांधता आला. पुढे २०२४मध्ये वीण-वसाहतींच्या मोजणीवरून एकट्या अलास्कातच सुमारे ४० लाख गिलेमॉट गेल्याचं संशोधकांनी मांडलं. किनारा दाखवतो तो नुकसानीचा एक तुकडाच. पण हे काहीतरी नेहमीपेक्षा वेगळं चाललंय, असं छातीठोकपणे म्हणायला नेहमीचं काय असतं ते आधी लिहून ठेवलेलं लागतं.

उत्तर समुद्राकाठच्या देशांनी अशाच मोजणीतून आणखी हुशारीची गोष्ट केली. किनाऱ्यावर सापडलेल्या मृत गिलेमॉटपैकी किती तेलाने माखलेले होते, हे प्रमाण त्यांनी प्रदूषणाची मोजपट्टी म्हणून स्वीकारलं आणि ते दहा टक्क्यांखाली आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं. वादळ आलं किंवा फिरणारे वाढले, तरी माखलेले आणि न माखलेले दोन्ही पक्षी जास्त सापडतात, म्हणून प्रमाण सहसा फसवत नाही. मात्र त्यासाठी न माखलेला, बातमीच्या दृष्टीने निरुपयोगी पक्षीही मोजावा लागतो. मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यांवर दर पावसाळ्यात डांबराचे गोळे येतात, तेव्हा ही पद्धत इथेही उचलावी असं वाटेल. ती जशीच्या तशी चालणार नाही. गिलेमॉट पाण्यावर बसून राहणारा, बुडी मारणारा पक्षी आहे, म्हणून तेलात सापडतो. आपले सुरय बराच काळ हवेत असतात. मोजपट्टी आपल्यालाच शोधावी लागेल.

मोजण्याची सवय कोकणाला नवी नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२मध्ये वेळासला गावकऱ्यांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि आज अनेक गावांत कासवमित्र पहाटे किनारा पायी तपासतात. अलीकडे घरटी वाढल्याचे आकडे येतात. ते ऐकून आनंद होतो, पण कासवं वाढली की पहारा वाढला? किती किलोमीटर किनारा किती रात्री तपासला, हे घरट्यांच्या आकड्याशेजारी छापलं तरच उत्तर मिळेल. यात कुणाच्या कष्टावर शंका घेणं नाही. त्या कष्टांचा पुरावा नीट उभा राहावा इतकंच.

हौशी माणूस पक्षी चुकीचा ओळखेल, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय पद्धतीत आहे. ‘कोस्ट’मध्ये ओळख आधी पायाच्या आकारावरून सुरू होते, कारण कुजलेल्या पक्ष्याचाही पाय टिकतो, मापासोबत फोटो घेतला जातो आणि तज्ज्ञ तो तपासतात. (आपल्याकडे बर्ड फ्लू आणि वन्यजीव कायदा, दोन्ही ध्यानात घेता हात न लावता मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढणंच शहाणपणाचं.) दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: मेलेले मोजून जिवंत कोण वाचलं? गिलेमॉट वाचले नाहीत, हे मान्य करायला हवं. नोंद औषधाचं काम करत नाही. पण औषध लागू पडलं का, हे नोंदीशिवाय कळत नाही. जाळ्यात अडकलेलं कासव किंवा देवमासा जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्र शासन २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. योजना चांगली आहे. तिच्यामुळे समुद्रात मरणारी कासवं कमी झाली का, हे मात्र सुटलेल्या कासवांच्या फोटोंवरून ठरणार नाही. किनाऱ्याला लागणाऱ्या मृत कासवांची सलग नोंदच ते सांगू शकेल.

तिसरा आक्षेप, हे सरकारचं काम लोकांच्या गळ्यात फुकट का मारायचं, मला अर्धा पटतो. शहरातून शनिवार-रविवारी येणाऱ्यांच्या उत्साहावर वर्षभराची नोंद चालत नाही. नेमकी जुलैत, रस्ते आणि किनारे दोन्ही नकोसे होतात तेव्हा, ती तुटते. आणि खोल समुद्रातले पक्षी येतात ते याच दिवसांत. योगायोग असा की जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि समुद्र सर्वांत चांगला ओळखणारी माणसं गावातच असतात. कासवांसाठी जसं मानधन देता येतं तसं या दोन महिन्यांच्या चालण्यासाठी वनखात्याच्या कांदळवन कक्षाला देता येईल, आणि वहीत महिनाभर शून्यंच भरली तरी ते कापता कामा नये.