बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

जन्म ख्रिस्ती घरातला, लहानपणीच बाप्तिस्मा, पुढे दृढीकरण, एकही रविवार चुकलेला नाही, दशमांश वेळच्या वेळी. विश्वास म्हणजे यापलीकडे आणखी काय, असं मराठी ख्रिस्ती घरांतून आजही मनापासून विचारलं जातं. वर्षभर न फिरकता नाताळलाच चर्चमध्ये उगवणाऱ्यासाठी मंडळीत ‘नामधारी ख्रिस्ती’ हा शब्द तयारच असतो. तो नियम पाळणाऱ्यालाही लागू पडू शकेल, अशी शंका सहसा कुणाला येत नाही. ती यायला हवी.

पंडिता रमाबाईंना नामधारी म्हणायची कुणाची छाती होणार नाही. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि इकडे महाराष्ट्रात टीकेची झोड उठली. एवढी किंमत मोजलेल्या या बाईंनी 1907 साली आपली साक्ष लिहिली. तीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही. धर्म त्यांना पटलेला होता. ज्याच्यामुळे त्या धर्मात जीव येतो, तोच भेटायचा राहिला होता.

ही जाणीव व्हायला विल्यम हॅस्लम यांचं आत्मकथन कारणीभूत झालं. हॅस्लम इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातले पाळक. 1851 साली एका रविवारी ते व्यासपीठावर उभे राहिले आणि उपदेश करता करता स्वतःच हेलावले. समोरच्या गर्दीतून कुणीतरी ओरडलं, पाळकाचंच परिवर्तन झालं! दीक्षा झालेला, प्रभुभोजन देणारा, इतरांना तारणाची वाट दाखवणारा माणूस, आणि परिवर्तन त्याचं झालं. ‘चर्चला जातो म्हणजे विश्वास आहेच’ या म्हणण्याला याहून सणसणीत उत्तर सापडणं कठीण.

आपल्याकडे तर याची कसोटी रोजच लागते, ती जातीपाशी. गोव्यात चर्चशी जोडलेले संघसुद्धा जातीजातींत वाटले गेले होते. आजही सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न हळूच येतो, आणि तो विचारणारे पिढ्यान्‌पिढ्या बाप्तिस्मा झालेले असतात. याच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांना उभं करून पाहावं. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही त्या सोवळं सांभाळत राहिल्या, आतल्या आत झगडत राहिल्या. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जातिभेद त्याआधीच मनातून उतरला होता. पाण्याचा विधी झाला नव्हता तेव्हा त्या जिथवर पोचल्या, तिथवर ही मंडळी विधी होऊन तीन पिढ्या लोटल्या तरी पोचलेली नाहीत.

यावर दुसरी बाजू चटकन पुढे येते: मग चर्च कशाला, उपासना कशाला? मन चांगलं असलं की झालं! हे म्हणणंही तितकंच पोकळ आहे, आणि त्याला रमाबाईंचा आधार तर अजिबात मिळत नाही. एका पुरोहितशाहीचं जोखड उतरवून मी दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना ठणकावून कळवलं, हे खरं. पण प्रार्थना आणि शास्त्र त्यांनी कधी सोडलं नाही. आठ वर्षांनंतर जे मिळालं, ते मनात जपून ठेवायची सुखद भावना म्हणूनही त्यांनी ठेवलं नाही. आईवडील आणि बहीण 1870च्या दशकात उपासमारीने गेलेली त्यांनी पाहिली होती. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुलीबायकांना घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांना ठेवणं अशक्य झालं, म्हणून केडगावच्या शेतावर सोय करावी लागली. तेच मुक्ती मिशन. 1900च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

मन चांगलं असणाऱ्या किती जणांनी तेव्हा केडगावची वाट धरली होती?

रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, ते साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी. छापखाना मुक्तीतलाच, खिळे जुळवणारे हातही तिथल्याच बायकांचे. 1921 साली मुलगी मनोरमा गेली, तरी काम चालूच राहिलं. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी डोळे मिटले, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं.