मालकी भागपत्रावर नव्हे, सभेत!

विजेच्या खाजगीकरणाचा विषय निघाला की "कारभार ग्राहकांच्या सहकारी संस्थांकडे द्या" अशी सूचना हमखास पुढे येते. या सूचनेला आमचा तत्त्वतः विरोध नाही. मात्र संस्था सभासदांच्या मालकीची असणे आणि तिचा कारभार सभासदांच्या ताब्यात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे आम्ही बजावू इच्छितो.

वीज सहकारी संस्थेची घडण साधी आहे. ग्राहक भाग घेऊन सभासद होतो. बड्या बागायतदाराला एक मत आणि एका दिव्याच्या झोपडीलाही एकच मत. सभासद संचालक मंडळ निवडतात, मंडळ व्यवस्थापक नेमते आणि वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हिशेब ठेवते. या साखळीतील शेवटची कडी, म्हणजे सभा, निखळली की बाकीची साखळी नावापुरती उरते.

अमेरिकेत १९३५ साली ग्रामीण विद्युतीकरणाचे सरकारी खाते स्थापन झाले. खाजगी कंपन्या ज्या खेड्यांकडे फिरकत नव्हत्या, तेथे शेतकऱ्यांच्या संस्थांनी सरकारी कर्जातून तारा नेल्या. आज तेथे अशा सुमारे ९०० संस्था आहेत. त्यांपैकीच टेक्सासमधील पेडर्नालिस ही १९३८ मध्ये स्थापन झालेली मोठी संस्था. तेथे मंडळानेच नेमलेली समिती उमेदवार ठरवी, त्यामुळे निवडणूक हा केवळ उपचार झाला होता. अखेर २००७ मध्ये सभासदांनी कोर्टात धाव घेतली. त्यानंतर २००८ मध्ये निवडणूक खुली झाली आणि संस्थेची दप्तरेही सभासदांना खुली झाली. मालकांनाच आपल्या संस्थेविरुद्ध कोर्टाची पायरी चढावी लागावी, यातच सारे आले!

आपल्याकडे १९६९ च्या सुमारास ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाच्या साहाय्याने पाच प्रायोगिक संस्था उभ्या राहिल्या. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा ही त्यांतील महाराष्ट्राची संस्था. ती मंडळाकडून घाऊक वीज घेई व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील सभासदांना पुरवी. पुढे घेतलेल्या विजेचे देणे आणि होणारी वसुली यांचा मेळ बसेना. थकबाकी दोन हजार कोटींच्या पुढे गेल्याचा महावितरणचा दावा होता, तो संस्थेला मान्य नव्हता. २०११ च्या प्रारंभी परवान्याची मुदत संपली आणि पुरवठा महावितरणकडे गेला. एवढा मोठा वाद काही एका रात्रीत उभा राहत नाही. देणे किती, वसुली किती, हा प्रश्न दरवर्षी सभेत विचारण्याचा होता.

त्याच पाचांपैकी तेलंगणातील सिरसिल्लाची संस्था मात्र आजही वीज पुरवते. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील सभासदांनी मतपेटीतून १५ संचालक निवडले. ती निवडणूक राजकीय पक्षांनी हिरिरीने लढवली, याबद्दल कोणी नाके मुरडतील. परंतु चुरशीच्या निवडणुकीत मंडळाला मतदारांच्या दारी जावे लागते. बिनविरोधाच्या शांततेत ते कोणाच्याच दारी जात नाही.

हा धडा आम्ही रेल्वे व टपाल कामगारांपुढे मुद्दाम ठेवत आहोत. आपल्या पतसंस्थांचा पायाही 'एक सभासद, एक मत' हाच आहे. पगारातून हप्ता कापला जातो, लाभांश जमा होतो आणि अहवाल न उघडताच कपाटात जातो. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा काही वेळाने त्याच मूठभर मंडळींनिशी उरकली जाते. बहुराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी २०२३ च्या कायदा दुरुस्तीने स्वतंत्र प्राधिकरण आणले, हे योग्यच झाले. पण प्राधिकरण निवडणूक घेईल, तुमच्या वतीने प्रश्न विचारणार नाही.

"विना सहकार, नाही उद्धार" ही घोषणा खरीच आहे. तिच्या जोडीला आम्ही एवढेच म्हणू : विना सभासद, नाही सहकार. यंदाच्या वार्षिक सभेची नोटीस हाती पडेल तेव्हा रजेचा अर्ज आधी द्या, ताळेबंद वाचा, थकबाकीचा आकडा विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या. कुंपणाने शेत खाल्ल्यावर ओरडण्यापेक्षा राखण करणे केव्हाही स्वस्त!