गाडी थरथरते आणि आपण गप्प बसतो



गाड्यांवर लिहायला मी काही मेकॅनिक नाही. मिसिसागात वीस वर्षं झाली, त्यात पाच गाड्या झाल्या आणि त्यातल्या चार सेकंडहँड. एवढाच काय तो माझा अधिकार. पण गेल्या जानेवारीपासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे, ती आज लिहून टाकतो. कुणाला टोचली तर आधीच माफी मागतो. सगळ्यात जास्त ती मलाच टोचलेली आहे.

माझ्याकडे २०११ सालची एक सेडान होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. एक लाख नव्वद हजार किलोमीटर झालेले. शेवटच्या वर्षात नव्वदच्या पुढे गेलं की स्टीअरिंग थरथरायचं, आणि खड्ड्यातून गेलं की पुढच्या डाव्या चाकाकडून 'टक' असा आवाज यायचा. मी काय केलं? व्हील बॅलन्सिंग करून घेतलं. थरथर कमी झाली, 'टक' तसाच राहिला. मी रेडिओचा आवाज वाढवला आणि विषय संपवला.

मग मंडळाच्या गणपतीत नाशिकचं एक तरुण जोडपं भेटलं. नुकतंच आलेलं, चार वर्षांची मुलगी, नोकरी ओकव्हिलला, बसने दीड तास. "काका, एखादी जुनी गाडी असली तर सांगा ना." माझी होतीच. चार हजार दोनशे डॉलरला ठरली. सेफ्टी झाली, पास झाली, कागदपत्रं झाली, आमच्या हिने गाडीला हळदकुंकू लावून नारळही दिला. थरथर आणि 'टक' यांबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. खोटं बोललो नाही म्हणा. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

जानेवारीत एका शनिवारी त्याचा फोन आला. तिघंजण क्यूईडब्ल्यूवरून शंभरच्या वेगाने येऊन किराणा घ्यायला उतरले होते. पार्किंगमधे वळताना 'धाड' आवाज झाला, पुढचं डावं चाक बाहेर मुडपलं आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसली. बॉल जॉइंट निखळला होता. कुणालाही काही झालं नाही. पण हेच दहा मिनिटं आधी झालं असतं तर? त्याने फोन तक्रारीसाठी केलाच नव्हता, टोइंगवाला कुणी ओळखीचा आहे का, एवढंच विचारायला केला होता. वर मलाच म्हणतो, "काका, जुनी गाडी आहे, व्हायचंच. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." दुरुस्तीचे पैसे मी देऊ केले, तो घेईना. शेवटी अर्ध्यावर तडजोड झाली.

तेव्हापासून माझं स्पष्ट मत झालं आहे, की आपल्या माणसाला गाडी विकताना 'घरची गाडी आहे, काळजी करू नका' म्हणणं बंद करावं आणि तिचं दुखणं काय आहे ते सांगावं. अनोळखी माणूस गाडी बघायला आला तर तो दहा प्रश्न विचारतो, खाली वाकून बघतो, स्वतःचा मेकॅनिक आणतो. आपला माणूस यातलं काहीच करत नाही, कारण काकांवर अविश्वास कसा दाखवायचा? म्हणजे त्याच्या भिडेचा फायदा आपण घेतो आणि त्याला आपुलकी म्हणतो.

आता कुणी म्हणेल, "अहो, पण सेफ्टी पास झाली होती ना?" झाली होती. पण ओंटारिओतलं सेफ्टी सर्टिफिकेट म्हणजे काय, ते एकदा नीट समजून घ्या. गाडी तपासली त्या दिवशी ती किमान निकषांत बसत होती, एवढंच ते सांगतं. नव्या मालकाच्या नावावर प्लेट लावण्यासाठी ते ३६ दिवस चालतं. ती वॉरंटी नाही, असं सरकारही सांगतं. बॉल जॉइंट झिजलेला असला तरी त्या दिवशी मर्यादेत असला तर पास. पुढे हिवाळा, मीठ, खड्डे आहेतच. शिवाय खाजगी व्यवहारात दोष निघाला तर दाद मागायची वाट अवघड. ओम्व्हिक ही संस्था परवानाधारक डीलरांवर लक्ष ठेवते, तुमच्या-माझ्यातल्या व्यवहारावर नाही. म्हणजे इथे ग्राहकाला खरं संरक्षण एकच, ते म्हणजे विकणाऱ्याचं तोंड.

दुसरी चूक विकत घेणाऱ्याची, आणि तीही आपण सगळेच करतो. गॅरेजमधे जाऊन "स्टीअरिंग थरथरतंय, बघा जरा" एवढंच सांगायचं. डॉक्टरकडे जाऊन "दुखतंय" म्हणण्यासारखं आहे हे. कुठे, कधी, किती, हे सांगायला नको का? प्रामाणिक मेकॅनिक असला तर त्याचा वेळ जातो, नसला तर आपले पैसे जातात. बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, मग नवे टायर, मग शॉकअप, असं क्रमाने सगळं बदलून होतं आणि थरथर असते तिथेच.

खरं तर गाडी बरंच सांगते. मला एवढ्या वर्षांत जे कळलं ते लिहितो, जाणकारांनी भर घालावी.

थरथर ठराविक वेगालाच, म्हणजे साधारण ८० ते ११० च्या मधे, येत असेल तर पहिला संशय चाकाच्या बॅलन्सिंगवर. हातात स्टीअरिंग थरथरत असेल तर बहुधा पुढची चाकं, सीटखाली जाणवत असेल तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर ब्रेकच्या डिस्क बघायच्या. त्यांची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, किंवा मिठाने कॅलिपरच्या पिना जाम होऊन ब्रेक एकाच बाजूला घासत असतो. वेग वाढवताना, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अंगात आल्यासारखी हलत असेल आणि पाय काढल्यावर शांत होत असेल तर आतला सीव्ही जॉइंट. पूर्ण वळवताना 'कटकट' आवाज येत असेल तर बाहेरचा. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर, आणि ती डावी-उजवीकडे वळताना कमीजास्त होत असेल, तर चाकाचं बेअरिंग. सिग्नलला उभ्या गाडीत सगळंच थरथरत असेल तर स्टीअरिंगचा काही संबंध नाही, इंजिनचे माउंट बघा.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंटला धावण्याआधी चारही टायरमधली हवा बघा. फुकटात काम होतं. आणि माझ्यासारखा 'टक' आवाज येत असेल, किंवा स्टीअरिंग थोडं फिरवलं तरी चाकं हलतच नसतील, ज्याला आपल्याकडे 'प्ले आहे' म्हणतात, तर मात्र थांबू नका. टाय रॉड, बॉल जॉइंट, कंट्रोल आर्मचे बुश, यांतलं काहीतरी सुटत चाललं आहे. बाकीच्या थरथरीने खिसा रिकामा होतो, या प्रकाराने जीव जाऊ शकतो. हा फरक मला माहीत असता तर मी रेडिओ वाढवला नसता.

यात इथल्या हवेचे काही प्रकार आहेत, जे पुण्या-मुंबईत शिकलेल्याला माहीत नसतात. बर्फात गाडी चालवून घरी आलात, दुसऱ्या दिवशी हायवेवर स्टीअरिंग जोरात थरथरलं, तर आधी चाकांच्या आत बघा. रिममधे बर्फ साचून गोठलेला असतो. गाडी धुतली की आजार गायब! कडक थंडीत रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे टायर खालून चपटे होतात, पहिले काही किलोमीटर गाडी धडधडते, टायर गरम झाले की थांबते. आणि विंटर टायर लावल्यापासूनच थरथर सुरू झाली असेल तर चाक जिथे बसतं तिथला गंज नीट घासलेला नाही, असा संशय घ्या. चाकं बदलल्यावर ८०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क करून घ्यायला सांगतात, ते आपल्यापैकी किती जण करतात? हात वर करू नका, मीही कित्येक वर्षं केलं नाही :-)

आणखी एक गोष्ट जुनी गाडी घेणाऱ्याने करावीच, आणि ती फुकट आहे. रिकॉल बघा. मार्च २०१० मधे जनरल मोटर्सने पॉवर स्टीअरिंगच्या मोटरमुळे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून सुमारे १३ लाख छोट्या गाड्या परत बोलावल्या. त्यात शेव्हर्ले कोबाल्ट आणि पाँटिअ‍ॅक जी-५ होत्या, आणि इकडे कॅनडात विकली गेलेली पाँटिअ‍ॅक पर्स्यूटही होती. मार्च २०१८ मधे फोर्डने फ्यूजन आणि लिंकन एमकेझेड मिळून जवळजवळ १४ लाख गाड्या बोलावल्या, कारण स्टीअरिंग व्हीलचा बोल्ट सैल होऊन व्हील हातात येण्याची शक्यता होती. ऑक्टोबर २०२४ मधे होंडाने सिव्हिकसकट अनेक मॉडेलांच्या, एकट्या अमेरिकेतच सुमारे १७ लाख, गाड्या बोलावल्या. तिथे स्टीअरिंगच्या गिअरबॉक्समधला भाग अडकून स्टीअरिंग जड व्हायचं. कॅनडातल्या गाड्याही त्यात होत्या. मोठमोठ्या कंपन्यांच्या हातून हे होतं, आणि झालं की त्यांना जाहीर सांगावं लागतं, हे लक्षात घ्या. रिकॉलची दुरुस्ती फुकट असते आणि ती गाडीमागे जाते, मालकामागे नाही. पण पत्र मात्र बऱ्याचदा पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं. म्हणून पुढच्या काचेखाली ड्रायव्हरच्या बाजूला दिसणारा सतरा अक्षर-अंकांचा व्हीआयएन कंपनीच्या साइटवर टाकून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

माझ्या या मतावर घरातच पहिला आक्षेप आला. मुलगा म्हणाला, "बाबा, सगळं सांगत बसलात तर गाडी कोण घेईल?" मुद्दा बरोबर आहे, पण हिशोब करून बघा. मी 'टक' सांगितला असता तर त्याने गॅरेजमधे दाखवलं असतं, बॉल जॉइंटचे तीन-चारशे डॉलर सांगितले असते, आणि मी तेवढे कमी केले असते. गाडी त्यालाच गेली असती. प्रत्यक्षात निखळल्यावर फेंडर, अ‍ॅक्सल आणि टोइंग धरून त्याहून कितीतरी जास्त गेले. आणि ज्या भीतीने मला त्या रात्री झोप लागली नाही, तिची किंमत वेगळीच.

दुसरा आक्षेप एका मित्राचा. "आपण भारतात काय काय गाड्या चालवल्या, चार बोटं प्ले असलेल्या पद्मिनी चालवल्या, कुठे काय झालं?" अरे, पण लक्ष्मी रोडवर वेग किती होता? तीस. तिथे चाक निखळलं तर गाडी तिथेच बसायची, चार लोक जमायचे, पुढच्या नाक्यावर मिस्त्री असायचा. इथे चारशे एकवर मागून ट्रक येत असतो. 'चालतंय तोवर चालवा' ही सवय आपण सामानाबरोबर इकडे घेऊन आलो, रस्ते मात्र बदलले.

तर मंडळी, माझी सूचना साधी आहे. गाडी विकताना एका कागदावर लिहून द्या. कुठे थरथरते, किती वेगाला, कुठला आवाज येतो, काय दुरुस्त केलं, काय राहिलं. घेणाऱ्यानेही भीड बाजूला ठेवून आपल्या पसंतीच्या मेकॅनिककडे गाडी जॅकवर चढवून दाखवावी, आणि विकणाऱ्या काकांनी त्याचा राग मानू नये. उलट स्वतःच म्हणावं, "आधी दाखवून घे रे बाबा."

नाशिकचा मुलगा अजून तीच गाडी चालवतो. मागच्या महिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "काका, आता मागून काहीतरी घरघर येते." मी विचारलं, "वळताना कमीजास्त होते का?" तो म्हणाला, "हो, बहुतेक." मी त्याला तिथूनच गॅरेजमधे घेऊन गेलो. बेअरिंग होतं.

असो. लांबलं थोडं. चू. भू. द्या. घ्या.