कुणबी नोंद सापडली, पण नावच चुकीचं: ऑनलाइन यादीतल्या चुका येतात कुठून आणि दुरुस्त कशा करायच्या?

पणजोबांचं नाव धोंडी. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर गावाची यादी उघडली, तर तिथे ‘घोंडी’. गाव तेच, सालही जुळतं, बापाचं नाव अर्धंच दिसतंय. हे आपलेच पणजोबा की दुसरंच कुणी?

एखाद्या हौशी वंशावळीत असा प्रश्न पडला असता, तर फार बिघडलं नसतं. महाराष्ट्रात मात्र आज या एका अक्षरावर जातीचा दाखला, त्यावरून मिळणारा प्रवेश, नोकरी किंवा निवडणुकीची उमेदवारी अडू शकते. कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेमुळे लाखो कुटुंबं पहिल्यांदाच शंभर वर्षांपूर्वीच्या कागदांपर्यंत पोहोचली. त्या कागदांची अक्षरं आजच्या लिपीत आणताना झालेल्या चुकाही मग त्यांच्याच दारात आल्या.

या चुका नेमक्या कुठे होतात, त्या कुणाला महागात पडतात आणि दुरुस्ती कुठे मागायची, हे समजून घेऊया.

हे कागद ऑनलाइन आले कसे?

जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील यांचं उपोषण सुरू असताना राज्य सरकारने ७ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निजामकालीन कागदपत्रांमध्ये कुणबी नोंद असलेल्या मराठवाड्यातल्या मराठा कुटुंबांना दाखले देण्याची कार्यपद्धती ठरवणं, हे तिचं काम होतं. पुढे शोधाची व्याप्ती राज्यभर वाढवण्यात आली.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सरकारने पहिला आकडा दिला: १ कोटी ७२ लाख कागदपत्रं तपासली, ११,५३० कुणबी नोंदी सापडल्या. राज्यभर शोध सुरू झाल्यावर जानेवारी २०२४ पर्यंत हा आकडा ५४ लाखांवर गेला. अनेक जिल्हा प्रशासनांनी तालुका आणि गावनिहाय याद्या, तसंच मूळ पानांच्या स्कॅन प्रती आपल्या संकेतस्थळांवर टाकल्या.

हे कागद एका प्रकारचे नाहीत. जन्म-मृत्यूची नोंद असलेलं कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, भूमी अभिलेख खात्याची शेतवार पत्रकं, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, अगदी कारागृहाच्या नोंदीसुद्धा त्यात आहेत. कुठे बाळबोध म्हणजे देवनागरी लिपी, कुठे मोडी, तर कुठे उर्दू. हे सगळं कमी वेळात वाचायचं होतं आणि मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

यादी म्हणजे नोंद नव्हे

संकेतस्थळावर दिसतं त्यामागे तीन थर असतात.

पहिला थर मूळ पानाचा. ते त्या काळच्या कारकुनाने किंवा मास्तरांनी लिहिलं. दुसरा थर लिप्यंतराचा, म्हणजे जाणकाराने ते पान वाचून देवनागरीत काय उतरवलं त्याचा. तिसरा थर यादीचा. लिप्यंतरातलं नाव, गाव आणि वर्ष कुणीतरी संगणकावर टाइप करून तक्ता बनवला.

शोधताना आपण तिसऱ्या थरात शोधतो आणि निकाल मात्र पहिल्या थराचा समजतो. यादीत नाव नाही म्हणजे नोंदच नाही, असं अनेक जण गृहीत धरतात. नोंद पानावर व्यवस्थित असू शकते. वाचताना किंवा टाइप करताना ती हरवलेली असते. उलटही घडू शकतं. यादीत स्पष्ट ‘कुणबी’ दिसतं, पण पानावर तिथे भलताच शब्द असतो.

त्यामुळे चूक दिसली की पहिला प्रश्न विचारायचा तो हा: ती कोणत्या थरात झाली?

चुका नेमक्या कुठे होतात?

*मोडीत:* मोडी भराभर लिहिण्यासाठी होती. आधी पानभर शिरोरेघ ओढायची आणि तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरं लिहीत जायची, अशी पद्धत. दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं जवळपास नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. घाईत लिहिलेली अक्षरं एकमेकांसारखी दिसू लागतात. त्यामुळे एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं. इथे गावाचं नाव आडनावाला चिकटतं किंवा बापाच्या नावाचा तुकडा मुलाच्या नावात जातो.

*बाळबोधमध्ये:* ही लिपी आपल्या ओळखीची, म्हणून इथे चूक होणार नाही असं वाटतं. पण जुन्या हस्ताक्षरात ध आणि घ, भ आणि म, थ आणि य यांची गल्लत सहज होते. जुन्या वळणाचा ‘ख’ तर ‘रव’ असाच वाचला जातो. मग ‘रखमा’ची ‘ररवमा’ होते. आकड्यांमध्ये १ आणि ९ धोक्याचे.

*उर्दूत:* निजामाच्या राज्यातले बरेच महसुली कागद उर्दूत आहेत. या लिपीत बे, पे आणि ते ही अक्षरं फक्त नुक्त्यांमुळे वेगळी ओळखू येतात आणि ऱ्हस्व स्वर बहुतेक वेळा लिहिलेच जात नाहीत. शाई पुसट झाली की नुक्ते आधी जातात. मराठी नाव आधी उर्दूत ऐकून लिहिलं गेलं आणि आता पुन्हा देवनागरीत आलं, म्हणजे दोनदा गाळण झाली.

*नात्याच्या शब्दांत:* जुन्या नोंदींत आडनाव नसणं नेहमीचंच. ‘रामा बिन लक्ष्मण’ किंवा ‘रामा वल्द लक्ष्मण’ म्हणजे लक्ष्मणचा मुलगा रामा. ‘सगुणा कोम रामा’ म्हणजे रामाची बायको सगुणा. टाइप करणाऱ्याला हे शब्द माहीत नसतील, तर ‘बिन’ नावाचाच भाग बनतो आणि ‘कोम’ची ‘कोमल’ होऊ शकते. आडनाव टाकून शोधणाऱ्याला तर अशा नोंदी सापडणारच नाहीत.

*संक्षेपात:* सगळ्यात नाजूक जागा म्हणजे ‘कु.’ जातीच्या रकान्यात तो ‘कुणबी’साठी वापरलेला असू शकतो. शाळेच्या रजिस्टरमध्ये मुलीच्या नावाआधी आला, तर ‘कुमारी’. जमिनीच्या कागदावर ‘ए. कु. मॅ.’ असेल, तर ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’. अर्थ अक्षरात नाही, रकान्यात आहे. पानावरून शब्द उचलून यादीत टाकला की रकाना मागेच राहतो.

*सनात:* निजामाच्या कागदांवर फसली सन असतो. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. म्हणजे फसली १३२० हे १९१० च्या आसपासचं वर्ष. शके असेल तर ७८ मिळवायचे. यादीत नुसतं ‘१३२०’ आलं की कुणाला ते मध्ययुगातलं वाटतं, तर कुणी ‘टायपिंगची चूक’ समजून १९२० करून टाकतं. दुरुस्तीच्या नावाखाली झालेली ही नवी चूक.

एवढ्याशा चुकीने काय बिघडतं?

नोंद सापडणं म्हणजे दाखला मिळणं नव्हे. अर्जदाराला नोंदीतल्या व्यक्तीपासून स्वतःपर्यंतची वंशावळ जोडावी लागते. उपविभागीय अधिकारी जातीचा दाखला देतात, नंतर जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती तो तपासते. २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्यानुसार दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच आहे. स्वातंत्र्यपूर्व काळातल्या कागदांना पुरावा म्हणून अधिक वजन असतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ‘आनंद विरुद्ध पडताळणी समिती’ या प्रकरणात म्हटलं आहे.

म्हणजे ज्या कागदाचं वजन सगळ्यात जास्त, तोच वाचायला सगळ्यात अवघड. यादीत ‘घोंडी’ आणि वंशावळीत ‘धोंडी’ असेल, तर दोन्ही एकच माणूस आहे हे अर्जदाराला दाखवून द्यावं लागतं. शहरात कामाला असलेल्या माणसासाठी त्याचा अर्थ गावाकडे आणखी चार खेपा, असा होतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. चुकीचं वाचन एखाद्याला नसलेला हक्क मिळवून देऊ शकतं. नोंदींमध्ये खाडाखोड झाल्याचे, नंतर शब्द घुसडल्याचे आरोप ओबीसी नेत्यांनी केले आहेत. मराठवाड्यासाठी हैदराबाद गॅझेटियर लागू करण्याचा २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय आला, तेव्हा त्यालाही मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. आरक्षणाच्या वादात दोन्ही बाजू टोकाला असल्या, तरी या एका मुद्द्यावर दोघांची गरज सारखीच आहे: मूळ पान डोळ्यांसमोर असणं.

दुरुस्ती कुठे मागायची?

जिथे चूक झाली, तिथेच.

चूक फक्त यादीत असेल, तर यादी प्रसिद्ध करणाऱ्या जिल्हाधिकारी किंवा तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. अर्जात रजिस्टरचं नाव, गाव, पान क्रमांक आणि अनुक्रमांक द्यायला हवा. ‘माझ्या पणजोबांचं नाव चुकलंय’ एवढ्यावर कुणालाच काही शोधता येत नाही.

लिप्यंतराबद्दल शंका असेल, तर मूळ पानाची प्रमाणित प्रत काढावी. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ७५ नुसार, जो सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा नागरिकाला हक्क आहे, त्याची प्रमाणित प्रत शुल्क भरून मिळते. ती प्रत दुसऱ्या मोडी जाणकाराकडून वाचून घेता येते. वाचताना ओळीला ओळ उतरवायला आणि अस्पष्ट अक्षराच्या जागी तशी खूण करायला सांगावं. अडलेलं अक्षर ओळखायचं असेल, तर त्याच कारकुनाने लिहिलेली शेजारची पानं पाहणं हा जुना आणि खात्रीचा उपाय. तोच हात ‘ध’ कसा काढतो, हे चार ठिकाणी दिसलं की पाचवं अक्षर कळतं.

सातबारा संगणकावर चढवताना नाव चुकलं असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद आहे. जन्म-मृत्यूच्या मूळ नोंदीतच चूक असेल, तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम १५ लागू होतं. तिथेही जुनी नोंद न बदलता समासात दुरुस्ती लिहायची असते. शाळेच्या रजिस्टरचा मार्ग मुख्याध्यापक आणि शिक्षण विभागाकडून जातो.

एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. प्रत्येक वेगळं नाव चूक नसतं. त्याच माणसाला एका कागदावर धोंडी, दुसऱ्यावर धोंडिबा आणि तिसऱ्यावर धोंडू म्हटलेलं असू शकतं, कारण लिहिणाऱ्याने ऐकलं तसं लिहिलं. इथे मूळ नोंद ‘सुधारायची’ नसते. ती आहे तशी ठेवून, तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे गाव, बापाचं नाव आणि जमिनीचा सर्व्हे नंबर यांच्या आधारे दाखवायचं असतं. वंशावळ जुळावी म्हणून नाव बदलून घेतलं, तर पडताळणीत तीच गोष्ट संशयाची ठरते.

यंत्राला वाचता येईल का?

अमेरिकेतल्या १९५० च्या जनगणनेची पानं ७२ वर्षांचा गोपनीयतेचा काळ संपल्यावर १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली. हस्तलिखित नावांची सूची तिथे आधी यंत्राने बनवली. तिच्यात चुका असणार हे मान्य करूनच राष्ट्रीय अभिलेखागाराने मूळ पान आणि यंत्राचं वाचन एकत्र दाखवलं, लोकांना स्वतःचं वाचन जोडण्याची सोयही दिली. मूळ पान कुणी बदलत नाही. दुरुस्ती त्याच्या शेजारी बसते.

मोडीसाठीही प्रयत्न सुरू आहेत. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ साली जागा मिळाली. आयआयटी रुरकीच्या नेतृत्वाखालील गटाने २०२५ मध्ये मोडी पानांच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमा आणि त्यांचं देवनागरी लिप्यंतर असा संच तयार करून मोडीचं लिप्यंतर करणारं एआय मॉडेल मांडलं. अशी साधनं हजारो पानं चाळायला नक्कीच उपयोगी पडतील. पण पुसट अक्षर माणसाला दिसलं, तर तो अडखळतो. यंत्र बहुतेक वेळा न अडखळता काहीतरी शब्द देऊन मोकळं होतं, आणि तो शब्द दिसायला अगदी बरोबर वाटतो. म्हणून यंत्राचं वाचन कोणतं आणि माणसाने तपासलेलं कोणतं, हे यादीत वेगळं दिसायला हवं.

मग करायला काय हवं?

उपाय फार खर्चिक नाहीत. यादीतल्या प्रत्येक नावाशेजारी मूळ पानाचा दुवा, नोंद कोणत्या रकान्यातून घेतली त्याचा उल्लेख, सन मूळ रूपात आणि रूपांतर करून असा दोन्ही प्रकारे, लिप्यंतर करणाऱ्याची ओळख आणि आजवर झालेल्या दुरुस्त्यांची तारीखवार नोंद. एवढं असलं, तर चूक दिसलेल्या माणसाला ती कुठे झाली हे घरबसल्या कळेल आणि आक्षेप घेणाऱ्यालाही ते तपासता येईल.

तोपर्यंत यादीत नाव न दिसणाऱ्या कुटुंबांनी एक गोष्ट नक्की करावी. आडनावाने शोधणं थांबवून गाव आणि वर्षाने शोधावं, आणि यादी बंद करून स्कॅन केलेलं पान एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. ‘घोंडी’ म्हणून हरवलेले पणजोबा कदाचित तिथेच असतील.